सत्तावीस नंबरचा पहारा

बोट माझ्या नावावर झाली एप्रिलमध्ये.
बोटीबरोबर तिचा विमा, तिची वर्गणी,
आणि क्लबचा नियम अकरा:
प्रत्येक मालकाने हंगामात दोन रात्री पहारा द्यावा,
न दिल्यास दंड.
मी म्हटलं, दंड भरते.
ताह्वो म्हणाला, भर की.
वेइयोने तीस वर्षांत एकदाही भरला नव्हता.
झालं. आले.

नारिंगी जाकीट, थर्मॉस, टॉर्च.
जूनमध्ये सायमा सरोवरावर अंधार असा पडतच नाही,
आभाळ नुसतं ताकासारखं पातळ होतं,
तरी टॉर्च हवा. नियम.

दर तासाला एक फेरी:
लांब धक्का, आखूड धक्का, इंधनाचा पंप, परत.
पायाखाली फळ्या कुरकुरतात
आणि चव्वेचाळीस बोटी
झोपेत कूस बदलावी तशा दोरांना हिसके देतात.
काय बघायचं ते पाटीवर आहे.
जीवरक्षक कडं हुकावर आहे का.
शिडी पुरेशी खोल गेलीय का,
ओल्या कपड्यांनिशी माणूस पाय किती उचलणार.
विजेची केबल पाण्यात लोंबत नाही ना.
बोटींच्या मधे पोहायचं नाही, हे लाल अक्षरांत,
फिनिशमध्ये, स्वीडिशमध्ये आणि एका चित्रात,
कारण वीज गळाली तर सोपी वाट शोधते,
आणि गोड्या पाण्यात
खारट माणसाहून सोपी वाट नसते.
हे वेइयो जेवताना सांगायचा.
मी म्हणायचे, मीठ दे इकडे.

एकोणीस नंबरच्या डोलकाठीवर
शिडाचा दोर टकटक करत होता,
दाराशी कुणी आल्यासारखा.
धोका असल्याशिवाय दुसऱ्याच्या बोटीवर चढू नये.
आवाज हा धोका आहे का, ते लिहिलेलं नाही.
मी चढले. बांधला.

दोन वाजता खोपटात जुन्या नोंदवह्या काढल्या.
त्याचं अक्षर तिरकं, वाऱ्याला पाठ दिलेलं.
"तेहतीसमध्ये पाणी शिरतंय. मालकाला उठवलं.
शिव्या खाल्ल्या. पंप चालू."
"कोल्हा. काही नेलं नाही."
"सत्तावीस. मागचा दोर खुंट्यापाशी झिजलाय.
मालकाला ताकीद दिली."

सत्तावीस म्हणजे आम्ही.
मी पुन्हा वाचलं.
पहाटे तीनला, एकट्याने, स्वतःला, लेखी.
आणि घरी येऊन मला म्हणाला असणार,
काही विशेष नाही, शांत होतं.
पुढच्या वर्षी:
"सत्तावीस. तोच दोर. मालक ऐकत नाही."
त्याच्या पुढच्या वर्षी:
"सत्तावीस. शेवटची ताकीद."
मग त्या अक्षराची पानं संपतात.

टॉर्च घेऊन गेले.
दोराचे दोन पेड तुटलेले,
तिसरा, नवऱ्यासारखा,
काही विशेष नाही म्हणत उभा.
लॉकरमध्ये नवा दोर सापडला, वेष्टणातच,
पावतीसकट, गेल्या जुलैची पावती.
मी तो खुंट्याला गुंडाळला
आणि हाताला येतील तेवढ्या गाठी मारल्या.

पाचच्या सुमारास सव्वीसमधून ईरो बाहेर आला,
केस उभे, पायांत एकच चप्पल.
वय असेल बावीस.
बराच वेळ माझं काम बघून म्हणाला,
गाठ धरायला हवी तशी सुटायलाही हवी,
शेजारी आग लागली तर बोट ढकलणार कशी?
सगळं सोडलं. दोन वेढे, एक आठ, एक फास.
म्हणाला, आता तुम्ही.
चौथ्यांदा जमलं.

सहाला वही मिटण्याआधी लिहिलं:
"एकोणीसचा दोर बांधला. केबली ठीक.
सत्तावीस. दोर बदलला, मालकीण हजर होती.
कोल्हा आला नाही."